स्वस्त भट्टी, महाग भट्टी : होमी भाभांचा हिशेब

तिवसा : वणी-चंद्रपूरच्या कोळसा खाणी तिवशापासून फार दूर नाहीत. अकोला जिल्ह्यातील पारस येथे साठच्या दशकातच कोळशावर वीज तयार होऊ लागली. मुंबईच्या किनाऱ्यावर मात्र कोळसा शेकडो मैलांवरून रेल्वेने आणावा लागे. अणुवीज परवडेल ती अशाच ठिकाणी, हे डॉ. होमी भाभा यांनी आकडे मांडून पटवून दिले.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील सधन पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुलाने टाटांच्या पोलाद कारखान्यात अभियंता व्हावे, ही वडिलांची इच्छा. केंब्रिजला भाभांनी ती पदवी घेतली, पण मन रमले भौतिकशास्त्रात. १९३९ मध्ये सुटीवर आले असता महायुद्ध पेटले आणि ते मायदेशीच राहिले. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग, १९५६ मध्ये अप्सरा अणुभट्टी, असा हा झपाटा होता.

खरी कसोटी लागली ती तारापूरला. जागतिक निविदांतून अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकची उकळत्या पाण्याची भट्टी निवडली गेली. २१० मेगावॉटच्या दोन संचांचा खर्च सुमारे ९३ कोटी रुपये, म्हणजे मेगावॉटमागे जेमतेम २२ लाख. शिवाय अमेरिकेचे ८ कोटी डॉलरचे अल्पव्याजी कर्ज. अडचण एकच : समृद्ध युरेनियम परदेशातूनच येणार.

म्हणूनच भाभांनी राजस्थानात रावतभाट्याला कॅनडाची जड पाण्याची भट्टी घेतली. तिला नैसर्गिक युरेनियम चालते. मात्र जड पाणी महाग. सुमारे २०० मेगावॉटच्या पहिल्या संचाला ७३ कोटी लागले, मेगावॉटमागे ३६ लाखांहून अधिक. केवळ बांधकामाचा खर्च पाहणाऱ्याला हा सौदा तोट्याचाच वाटावा!

कागदावरचे हे आकडेही टिकले नाहीत. तारापूरचे संच १६० मेगावॉटवर आणावे लागले आणि दर २९ लाखांवर गेला. रावतभाट्याचा पहिला संच तर १०० मेगावॉटवर आला. तेथे दर दुपटीने वाढला.

हे पाहण्यास भाभा नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात, वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तारापूर १९६९ मध्ये सुरू झाले. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने तारापूरच्या इंधनावरून अडवणूक केली. कॅनडानेही अंग काढले. तरी रावतभाट्याचा दुसरा संच भारतीय अभियंत्यांनी पूर्ण केला आणि १९८१ मध्ये त्यातून वीज मिळू लागली. कल्पाक्कम व नरोरा येथील भट्ट्याही पुढे त्याच धाटणीच्या झाल्या.