भास्कराचार्य आणि काटकोन त्रिकोणाच्या पूर्णांक बाजू



टिटवाळ्यात एवढी बांधकामं चालू असतात. गवंडीकाका पाया आखताना ३, ४ आणि ५ फुटांची मापं धरून कोपरा गुण्यात आहे का ते बघतात. पुस्तकात याला पायथागोरसचे त्रिकूट म्हणतात. पण ३-४-५ आणि फार तर ५-१२-१३, इथेच आपली गाडी थांबते! पुढची त्रिकुटे पाठ करायची नसतात, तयार करायची असतात. ती कशी, हे भास्कराचार्यांनी लिहून ठेवलं आहे.

भास्कराचार्यांचा जन्म इ.स. १११४ चा. हे साल (शके १०३६) त्यांनी स्वतःच ग्रंथात दिलंय. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. गाव सह्याद्रीजवळचं विज्जलविड. ते नेमकं कुठलं यावर वाद आहे, पण चाळीसगावजवळच्या पाटणशी या घराण्याचा संबंध पक्का आहे.

वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० साली, त्यांनी सिद्धांतशिरोमणी लिहिला. त्याचा पहिला भाग लीलावती. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त चुकल्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती अकबराच्या काळातल्या फारसी भाषांतरातून पसरली, त्यामुळे तिच्यात फार अडकू नका. खरी मजा आतल्या गणितात आहे.

काटकोनाची एक बाजू १२ आहे. वर्गमूळ अडकणार नाही अशा उरलेल्या बाजू किती तऱ्हांनी निघतील?

१ पेक्षा मोठी कोणतीही संख्या घ्या, समजा २. बाजू १२ ला तिने गुणा आणि दुप्पट करा: ४८. आता २ चा वर्ग वजा १, म्हणजे ३ ने भागा: १६. ही दुसरी बाजू. १६ ला पुन्हा २ ने गुणून १२ वजा करा: २०. हा कर्ण! ३ घेतले तर ९ आणि १५, ५ घेतले तर ५ आणि १३. ४ घेतले तर मात्र ६.४ आणि १३.६ येतात. तेही बरोबरच, फक्त पूर्णांक नाहीत.

त्यांची दुसरी रीत मला जास्त सोपी वाटते. १२ चा वर्ग १४४, त्याला २ ने भागून ७२. ७२ मधून २ वजा करून निम्मे ३५, मिळवून निम्मे ३७. झालं, १२-३५-३७!

११८३ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी करणकुतूहल लिहिला. पुढे नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला. १२०७ चा तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. आपल्या कसारा लाईननेच पुढे मनमाड ओलांडलं की चाळीसगाव येतं.

आता वहीत बाजू १५ घ्या आणि पहिल्या रीतीने २ व ४ घेऊन त्रिकुटे काढा.