पालक कसा असावा? सुभेदार रामजींसारखा!

बाबासाहेबांची जयंती आपण वाजतगाजत साजरी करतो. पण ज्या बापाने हा भीम घडविला, त्याचे चरित्र आपल्यापैकी किती पालकांनी अभ्यासले?

सुभेदार रामजी मालोजी सकपाळ मूळचे मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावचे. घराणे कबीरपंथी. समाजाला शाळेचे दार बंद असताना रामजी लष्करात शिकले आणि लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचे चौदावे अपत्य, भीमराव, जन्मले. निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीला आणि पुढे साताऱ्याला आले. १८९६ मध्ये माता भीमाबाई गेल्या. आत्या मीराबाईंनी लेकरांना माया दिली. अभ्यास मात्र रामजींनी स्वतःकडेच ठेवला.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलात पहिली इंग्रजीत दाखल झाले. वर्गात वेगळे बसायचे, तेही घरून नेलेल्या गोणपाटावर. पाण्याला हात लावण्याची मुभा नाही. शाळेत असा अपमान होत असताना रामजी घरी मुलाला घेऊन बसत. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी त्याच्याकडून पक्की करून घेतली. संध्याकाळी सर्व भावंडांना अभंग आणि कबीराचे दोहे म्हणावे लागत.

पुढे मुंबईत परळच्या चाळीतील एकच खोली. रामजी भीमाला लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग त्याला अभ्यासाला उठवीत. पुस्तकासाठी पैसा नसला की विवाहित लेकीचे दागिने मागून गहाण टाकत. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निर्वाण झाले.

७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून 'विद्यार्थी दिवस' म्हणून साजरा होतो. आमच्या मते तो पालकांच्या परीक्षेचाही दिवस आहे. फी भरली, शिकवणी लावली की आपले कर्तव्य संपत नाही. पहिली-दुसरीतल्या लेकराजवळ रोज अर्धा तास बसा. वाचता येत नसेल तर त्याला मोठ्याने वाचायला लावा आणि ऐका. आज शाळेत काय झाले, कोणी काय बोलले, हे विचारा. टीव्ही आणि मोबाईल तेवढा वेळ बंद ठेवा. महिन्यातून एकदा गुरुजींना भेटा.

रामजींकडे पैसा नव्हता, तरी त्यांनी आपली झोप दिली. आपण अर्धा तासही देणार नसू, तर भीमजयंतीला कोणत्या तोंडाने जाणार?

जय भीम!