घराणं सांगायचं, की चालवायचं?

मागच्या महिन्यात पुतणीला बघायला पाहुणे आले होते. पोहे होईपर्यंत आमचे दीर पाच पिढ्या सांगून मोकळे झाले. वाडा, वतन, पणजोबांची घोडी... पुतणी बिचारी ट्रे धरून उभी! रात्री भांडी आवरताना मला आठवल्या महाराणी ताराबाई.

मैत्रिणींनो, घराणं म्हणाल तर त्यांच्याइतकं कुणाचं? वडील सरसेनापती हंबीरराव मोहिते, सासरे साक्षात शिवाजी महाराज. १७०० मध्ये पती राजाराम महाराज सिंहगडावर गेले, तेव्हा ताराबाई जेमतेम पंचविशीतल्या. पदरात चार वर्षांचा मुलगा आणि दारात औरंगजेबाची फौज. माहेर-सासरची नावं सांगत त्या बसल्या नाहीत. मुलाला गादीवर बसवलं, कारभार हाती घेतला, मराठी फौजा थेट माळव्या-गुजरातेत धाडल्या. सात वर्षं झुंज चालली. १७०७ मध्ये बादशहा इथल्याच मातीत गेला, मराठ्यांचं राज्य काही त्याला बुडवता आलं नाही.

पण पुढची गोष्ट आपण सहसा सांगत नाही. शाहू महाराज मोगलांकडून सुटून आले आणि गादीसाठी घरातच लढाई जुंपली. ताराबाईंनी कोल्हापूरची वेगळी गादी उभी केली. १७१४ मध्ये सवतीने आपल्या मुलासाठी ती घेतली आणि त्यांनाच कैदेत टाकलं. पुढे शाहू महाराजांना वारस नाही म्हटल्यावर त्यांनी रामराजाला पुढे केलं, लपवून वाढवलेला आपला नातू म्हणून. तो छत्रपती झाला. पण आजीच्या मनासारखं वागेना, तेव्हा १७५० मध्ये त्यांनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात कोंडलं. १७५२ मध्ये तर जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेऊन सांगितलं, हा आमच्या रक्ताचा नाहीच! १७६१ मध्ये ताराबाई गेल्या.

ज्या अभिमानाने राज्य राखलं, त्याच अभिमानाने नातवाला परकं केलं. दोन्ही ताराबाईच. मला त्यांचा आदर वाटतो, आणि भीतीही.

दुसऱ्या दिवशी पुतणीने हळूच सांगितलं, तिला ऑफिसातला एक मुलगा पसंत आहे. कष्टाळू आहे, पण त्याचं घराणं कुणाच्या ऐकण्यातलं नाही. काका आपल्याला परकं तर करणार नाहीत ना, एवढीच तिची धास्ती.

दिरांशी बोलायचं काम आता माझ्याकडे आलंय. सुरुवात ताराबाईंपासूनच करीन म्हणते.