हाकेला ओ देण्याची सक्ती

गावात साहेबाचा मुक्काम पडला की महारवाड्यात हाक जायची. घोड्याला वैरण घाल, जळण फोड, टपाल घेऊन पुढच्या गावी पळ. किती वेळ, किती दिवस, याला हिशेब नाही आणि मजुरीचे तर नावच नको. वतनाच्या जमिनीचा तुकडा दिला आहे ना, मग पगार कसला? तो तुकडाही भाऊबंदांत वाटत वाटत ओंजळीएवढा उरलेला. हंगामी, कंत्राटी, रोजंदारी म्हणून आज आपण जे काम ओळखतो, त्याच्याही खालची ही पायरी. रोजंदाराला निदान उद्या येत नाही, असे म्हणता येते.

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेले यशवंतराव १८८४ मध्ये दत्तक येऊन शाहू छत्रपती झाले; १८९४ मध्ये कारभार त्यांच्या हाती आला. खडखड्यातून रानोमाळ हिंडणाऱ्या या राजाला चावडीवरचा हा प्रकार कोणी कागदावर लिहून कळवण्याची गरज नव्हती.

मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखणारा १९०२ चा जाहीरनामा शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतो. त्यामानाने १९१८ चे हुकूम आपण विसरलो, आणि मला तर तेच अधिक धाडसाचे वाटतात. त्या साली करवीर संस्थानात महार वतने खालसा झाली आणि जमिनी रयताव्याने त्यांच्याच नावावर चढल्या. वंशपरंपरेच्या कुलकर्ण्याच्या जागी पगारी तलाठी आला. महार, मांग, रामोशी, बेरडांना चावडीवर जी रोजची हजेरी द्यावी लागे, तीही उठली. पुढे १९२० मध्ये वेठबिगारीच कायद्याने बंद झाली. मुंबई इलाख्यात डॉ. आंबेडकरांनी महार वतनाचे विधेयक मांडले ते १९२८ मध्ये, आणि कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा यायला १९५८ उजाडले!

हुकूम काढून मोकळे होणारे महाराज नव्हते. सोडवलेल्या माणसाने उद्या खायचे काय, हा प्रश्न उरतोच. म्हणून अस्पृश्यांतले कोणी माहूत झाले, कोणी गाडीवान, कोणी तलाठी. पागेतल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल सवर्णांनी मारले, तेव्हा महाराजांनी त्यांना नोकरीतून मोकळे करून स्वतःचे हॉटेल काढायला लावले. आणि येता-जाता तिथे थांबून, बरोबरच्या मानकऱ्यांसह, चहा घेतला.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराज गेले. वयाची ४८ वर्षेही पुरी झाली नव्हती.

दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या ऊसतोड टोळ्या आजही कोल्हापुरात उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी मोजणी. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. ट्रॅक्टर रात्री दोनला आला, तरी मोळ्या भरायला उठावे लागते.