रोज शाळेत जी प्रार्थना म्हणायचो, ती लिहिणाऱ्या साने गुरुजींची गोष्ट (आणि न सुटलेला एक प्रश्न)

शाळेत प्रार्थना असावी का? असली तर कोणती? आणि ज्याला म्हणायची नाही, त्याचं काय करायचं? दर थोड्या दिवसांनी सोशल मीडियावर हा वाद पेटतो. कधी सरस्वतीच्या फोटोवरून, कधी हात जोडण्यावरून. गंमत म्हणजे कमेंटमध्ये भांडणारी दोन्हीकडची बरीच मंडळी लहानपणी एकच प्रार्थना म्हणत मोठी झालेली असतात.

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर नाहीतर मुरबाड तालुक्यातली एखादी जिल्हा परिषदेची शाळा डोळ्यासमोर आणा. सकाळचा परिपाठ चालू आहे. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार आणि प्रार्थना. रांगेतली पोरं कुणबी, आगरी, ठाकर, कातकरी, महादेव कोळी, बौद्ध, मुसलमान अशा घरांतली. कुणाच्या पाड्यावर वाघोबा आणि कणसरी पुजतात, कुणाच्या घरी बुद्धवंदना होते, कुणाचे आजोबा माळकरी. या सगळ्यांना एका सुरात म्हणता येईल अशी प्रार्थना शोधायला गेलं की मराठी शाळा बहुतेक वेळा एकाच जागी येऊन थांबतात. ‘खरा तो एकची धर्म’. लिहिणारे साने गुरुजी.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगडचा. घराणं खोतांचं, पण वैभव केव्हाच ओसरलेलं. आईचे संस्कार पुढे ‘श्यामची आई’मधून घराघरांत पोहोचले, पण ती आई १९१७ मध्येच गेली. शिक्षणासाठी पोरानं औंध गाठलं, मग पुणं. एम. ए. झाल्यावर तत्त्वज्ञानाच्या ओढीनं ते खानदेशात अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि तिथल्याच हायस्कुलात १९२४ मध्ये शिक्षक झाले.

मास्तर म्हणून त्यांनी जेमतेम सहा वर्षं काम केलं. पण ‘गुरुजी’ ही पदवी कायमची चिकटली ती याच सहा वर्षांमुळे. वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलं शाळेत गेली की हे त्यांच्या खोल्या झाडायचे, विस्कटलेलं सामान लावून ठेवायचे, कपडे धुवायचे. ओरडा नाही, दंड नाही. मुलांना लाज वाटून ती आपणहून आवराआवर करू लागत. मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिकही ते चालवायचे.

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि गुरुजींनी नोकरी सोडली. मग तुरुंगवास. धुळ्याहून त्यांना पार तिरुचिरापल्लीला पाठवलं गेलं. तिथं दक्षिणेतल्या भाषा बोलणारे कैदी भेटले, त्यांच्या भाषांची गोडी लागली आणि प्रांतांनी एकमेकांना ओळखावं हे ‘आंतरभारती’चं स्वप्न तिथंच रुजलं. १९३२ मध्ये पुन्हा धुळे. तिथं विनोबा दर रविवारी कैद्यांसमोर गीतेवर बोलायचे आणि गुरुजी भराभर लिहून घ्यायचे. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज आपल्या हातात आहे ते त्या लेखणीमुळे. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारीच्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहून काढलं.

म्हणजे माणूस देवभोळा म्हणावा इतका श्रद्धाळू. पण त्यांच्या प्रार्थनेत राम नाही, कृष्ण नाही, गणपती-सरस्वती नाहीत. कर्मकांडाचा उल्लेख नाही. जगावर प्रेम करणं, पिचलेल्यांना हात देणं, कुणाला तुच्छ न लेखणं, यालाच ती धर्म म्हणते.

आणि हे गुरुजींनी कागदावर ठेवलं नाही. पंढरपूरच्या विठ्ठलाच्या देवळात दलितांना प्रवेश नव्हता. संतांचा समतेचा वारसा सांगायचा आणि चोखोबाच्या वारसांना दाराबाहेर ठेवायचं, हे त्यांना सहन होईना. त्यांनी महिनोन्‌महिने महाराष्ट्र पिंजून काढला, गावोगावी सभा घेतल्या. बडवे हटेनात, तेव्हा १ मे १९४७ ला पंढरपुरात प्राणांतिक उपोषण सुरू केलं. उपोषणाला बसायला जागासुद्धा मिळेना. शेवटी तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. उपोषण मागे घ्या, असं खुद्द गांधीजींनी कळवलं. गांधीजींना देव मानणारा हा माणूस तरीही हटला नाही. १० मे रोजी मंदिर खुलं करण्याचं ठरलं आणि उपोषण सुटलं.

पुढचा काळ जड होता. गांधीहत्येनंतर त्यांनी २१ दिवस उपवास केला. १५ ऑगस्ट १९४८ ला ‘साधना’ साप्ताहिक काढलं, ते आजही निघतं. पण आतून ते खचत गेले होते. ११ जून १९५० ला त्यांनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. वय होतं अवघं पन्नास. राज्यघटना लागू होऊन तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते.

आता मूळ वादाकडे येऊ. गुरुजींच्या प्रार्थनेत कोणत्याही देवाचं नाव नाही, हे खरं. पण ईश्वर आहे. आपण सगळी त्याची लेकरं, हा तिचा पाया आहे. ज्याच्या घरात ईश्वर ही कल्पनाच मानत नाहीत, त्या मुलानं काय करायचं? माझ्या मते ही प्रार्थना वादाचा अर्धा भाग सुंदर सोडवते, उरलेला अर्धा तिच्या आवाक्यातला नाही. पंढरपूरची लढाई आत येऊ द्या म्हणणाऱ्यांसाठी होती. इथं प्रश्न बाहेर राहू द्या म्हणणाऱ्यांचा आहे. आणि हा आवाज नवा नाही. नाशिकच्या काळाराम मंदिरात जाण्यासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९३० मध्ये सत्याग्रह सुरू झाला. दार उघडलं नाही आणि १९३५ मध्ये येवल्यात बाबासाहेबांनी धर्मच सोडण्याची घोषणा केली.

त्याच नाशिक जिल्ह्यातल्या एका शिक्षकानं शाळेत प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला. त्यांची वरची वेतनश्रेणी अडवली गेली. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०१३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला: हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही.

याचं मूळ घटनेच्या कलम २८ मध्ये आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत ते किंवा उपासना असेल, तर मुलाला त्यात भाग घ्यायला लावण्याआधी पालकांची संमती लागते. शाळाप्रवेशाच्या अर्जात ही संमती विचारणारा रकाना मी तरी कधी पाहिलेला नाही. खिचडीआधीच्या श्लोकाला, दसऱ्याच्या पाटीपूजनालाही कुणी कुणाला विचारत नाही.

पण सगळ्यांनी मिळून म्हटलेली प्रार्थना हे धार्मिक शिक्षण ठरतं की नुसते संस्कार? केंद्रीय विद्यालयांतल्या प्रार्थनेवरून हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. जानेवारी २०१९ मध्ये दोन न्यायमूर्तींनी तो घटनापीठानं ऐकावा, असं सांगितलं.