विश्लेषण : गोल्फचा चेंडू हवा तसा वळवायचा कसा? बेन होगन यांच्या ‘फेड’ची गोष्ट

गोल्फमध्ये अगदी सरळ फटका मारणे सर्वांत अवघड मानले जाते. चेंडू हवेत थोडाफार वळतोच. अमेरिकेचे बेन होगन यांचा चेंडू मात्र डावीकडे इतका वळायचा, की त्यापायी उमेदीची वर्षे वाया गेली. पुढे त्याच होगन यांनी नऊ ‘मेजर’ स्पर्धा जिंकल्या.

होगन कोण होते?

टेक्सासमधील एका लोहाराचा हा मुलगा. जन्म १९१२ चा. नऊ वर्षांचे असताना वडिलांनी आत्महत्या केली. घरखर्चाला हातभार म्हणून होगन आधी वर्तमानपत्रे विकू लागले आणि मग फोर्ट वर्थच्या ग्लेन गार्डन क्लबमध्ये कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या क्लबची बॅग वाहणारा पोऱ्या झाले. १९३० मध्ये, सतराव्या वर्षी ते व्यावसायिक खेळाडू झाले. पण पैसे संपले की घरी परतायचे, कामधंदा करून पुन्हा नशीब आजमावायचे, असे बरेचदा झाले. वैयक्तिक स्पर्धेतील पहिले विजेतेपद उगवले ते थेट १९४० मध्ये!

नेमके चुकत काय होते?

चेंडूला लागणाऱ्या क्लबच्या सपाट भागाला क्लबफेस म्हणतात. चेंडू निघतो साधारण क्लबफेसच्या दिशेने. पण क्लब फिरण्याची दिशा आणि क्लबफेसची दिशा यांत फरक असेल, तर चेंडूची फिरकी तिरकी होते आणि तो हवेत वळतो. फुटबॉलमधली वळणारी फ्री-किक आठवा. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा क्लबफेस क्लबच्या मार्गाच्या मानाने डावीकडे मिटला, तर चेंडू डावीकडे वळतो. हे वळण जास्त झाले की त्याला ‘हुक’ म्हणतात. असा चेंडू सहसा खालून जातो आणि जमिनीवर पडल्यावरही धावत सुटतो, कधी झाडीत तर कधी पाण्यात. होगन यांचे दुखणे हेच होते. त्यात दडपण आले की हुक आणखी वाढायचा.

मग उपाय काय सापडला?

होगन सरळ फटक्याच्या मागे लागले नाहीत. १९४६ च्या सुमारास त्यांनी चेंडू किंचित उजवीकडे वळवायचे ठरवले. हाच ‘फेड’. तो उंच जातो, अलगद उतरतो आणि लवकर थांबतो. त्यासाठी त्यांनी डाव्या हाताची पकड थोडी डावीकडे फिरवली. क्लब मागे पूर्ण उचलल्यावर डावे मनगट जरासे मागे वाकलेले ठेवले. त्यामुळे हात कितीही जोरात फिरवले, तरी क्लबफेस वेळेआधी मिटत नसे. लक्ष्याच्या जरा डावीकडे नेम धरायचा आणि चेंडूला उजवीकडे येऊ द्यायचे. मैदानाच्या डाव्या बाजूची धास्तीच संपली! त्याच वर्षी त्यांनी पहिली मेजर, पीजीए अजिंक्यपद जिंकली, तर १९४८ मध्ये अमेरिकन ओपन.

अपघातानंतर काय झाले?

२ फेब्रुवारी १९४९. टेक्सासमध्ये धुक्यातून आलेली बस त्यांच्या मोटारीवर समोरून आदळली. पत्नी व्हॅलेरी यांना वाचवण्यासाठी होगन त्यांच्या अंगावर झेपावले. कंबरेचे हाड, गळपट्टीचे हाड, घोटा आणि बरगडी मोडली. रक्ताच्या गुठळ्यांचा धोका टाळण्यासाठी डॉक्टरांना शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे रक्त नेणारी मुख्य शीर बांधावी लागली. त्यानंतर पाय कायम सुजत. तरीही सोळा महिन्यांनी, पायांना पट्ट्या गुंडाळून ते मेरियन येथे अमेरिकन ओपनमध्ये उतरले. एका दिवसात ३६ होल चालून बरोबरी साधली आणि दुसऱ्या दिवशी १८ होलच्या निर्णायक फेरीत ६९ फटक्यांसह अजिंक्य ठरले.

१९५३ मध्ये त्यांनी मास्टर्स, अमेरिकन ओपन आणि स्कॉटलंडमधील कार्नूस्टी येथे ब्रिटिश ओपन अशा तीन मेजर जिंकल्या. कार्नूस्टीच्या सहाव्या होलला डावीकडे हद्दीचे कुंपण आहे. हुक मारणाऱ्याला तिथे घामच फुटेल. आज तो होल होगन यांच्या नावाने ओळखला जातो.

हा फेड सर्वांनी शिकावा का?

१९५५ मध्ये होगन यांनी ‘लाइफ’ साप्ताहिकातून आपल्या मनगटाचे गुपित उघड केले. ते खरेच एवढेच होते का, यावर गोल्फवेड्यांचा वाद अजून मिटलेला नाही. होगन १९९७ मध्ये गेले. मात्र त्यांची पकड उचलण्याआधी एक पाहावे : हा उतारा हुकवरचा आहे. नवशिक्यांचा चेंडू बहुधा उलटा, आधीच उजवीकडे जातो. त्यांनी होगन यांची पकड धरली, तर तो आणखी उजवीकडे जाईल.