लक्ष्मीबाई टिळकांची पंगत

सणावाराला घरची माणसे एका पंक्तीला बसली की गृहिणीला धन्यता वाटते. परंतु एकत्र बसून चार घास खाणे ही गोष्ट आपण समजतो तितकी सहज नाही. ती कधी कधी फार मोठे मोल देऊन मिळवावी लागते. ‘स्मृतिचित्रे’कार लक्ष्मीबाई टिळक यांचे चरित्र या दृष्टीने आपण सर्व भगिनींनी आठवावे असे आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. वडिलांचे सोवळे विलक्षण कडक होते. बाजारातून आणलेले धान्य धुतल्यावाचून घरात यायचे नाही, असा त्यांचा दंडक. स्वयंपाकघर हे मुलांना मायेचे नव्हे, तर धाकाचे ठिकाण वाटावे, अशी स्थिती होती. अकराव्या वर्षी मनूचे लग्न झाले आणि ती कवी नारायण वामन टिळकांची लक्ष्मी झाली. टिळक बुद्धिमान, उदार, पण मोठे लहरी. हातात पैसा टिकायचा नाही आणि दारचा पाहुणा उपाशी जायचा नाही. शिळ्यापाक्यात संसार चालवण्याची विद्या लक्ष्मीबाईंना तेव्हापासूनच साधावी लागली.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, आणि हा संसार दुभंगला. लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळले. पदरी लहानगा दत्तू. कधी पंढरपुरास, कधी नाशकास आप्तांच्या आधाराने त्यांनी चार-पाच वर्षे काढली. पतीविषयीचे प्रेम तिळभर उणे झाले नव्हते, पण त्याच्या पंक्तीला बसणे म्हणजे जातीला मुकणे, असा तो काळ.

पुढे त्या अहमदनगरास पतीकडे गेल्या. मात्र तेथेही त्यांनी आपले खाणेपिणे वेगळेच ठेवले. माणसे जवळ आली, पण पाण्याची भांडी दूर राहिली. येथे टिळकांची थोरवी दिसते. त्यांनी पत्नीवर सक्ती केली नाही. लक्ष्मीबाईंनीही नवऱ्याच्या धाकाने किंवा लोकलाजेने पाऊल उचलले नाही. त्यांनी स्वतःच्या मनाशी विचार केला. देवाने माणूस निर्माण केला, उच्चनीच भेद माणसाने पाडले, हे त्यांच्या मनाला पटले आणि एके दिवशी त्यांनी हा भेद टाकला. जन्मभराचे संस्कार सोडताना मनाला व शरीराला किती क्लेश होतात, हे त्या स्वतःच जाणत. १९०० साली त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला.

त्यानंतर त्यांच्या चुलीला विसावा कसा तो मिळाला नाही. दत्तूच्या जोडीला तारा ही मानसकन्या घरात वाढली. दुष्काळाने अनाथ झालेल्या मुलांना या घराने आधार दिला. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात नावाजलेले बालकवी ठोमरे टिळकांच्या आश्रयास आले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या पोरासारखे जेवूखाऊ घातले. या पंक्तीत कोणी कोणाची जात विचारीत नसे. घरात पैसा बेताचाच, पण गप्पा, कविता, थट्टामस्करी यांना तोटा नव्हता. टिळकांच्या लहरींवर रागवावे, पुन्हा हसावे आणि पानावर वाढावे, असा तो संसार होता.

१९१९ साली टिळक निवर्तले. मागे राहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पतीचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले. शाळेचे शिक्षण नसलेल्या या बाईंनी आपल्या आठवणी घरात गोष्ट सांगावी तशा लिहिल्या. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ पुस्तकरूपाने येऊ लागली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे देहावसान झाले. शेवटचा भाग त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. आजही ते पुस्तक वाचताना हसता हसता डोळे पाणावतात.

भगिनींनो, आजही घराघरांत मते जुळत नाहीत. सून वेगळ्या जातीची येते, मुलगा वेगळ्या विचारांचा होतो, भावाभावांत अबोला धरला जातो. अशा वेळी पान मांडायचे की पाठ फिरवायची, हे बहुधा घरच्या बाईच्याच हाती असते. लक्ष्मीबाईंनी घाई केली नाही, पण दारही कायमचे लावले नाही. मन तयार होईपर्यंत एकमेकांना अवधी द्यावा आणि मन तयार झाले की मोकळेपणाने जवळ बसावे, एवढे त्यांच्या चरित्रातून उचलले तरी पुष्कळ. यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण ज्या घराची पायरी बरेच दिवस चढलो नाही, तेथे आधी तिळगूळ घेऊन जाऊ या.